कुंपणाचे खांब ठोकणारे यंत्र आपल्या अँगलसाठी आणि आपल्या हातांसाठी घडवावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्या त्रासामुळे विदर्भातील शेतकऱ्याला आज पेरणीइतकाच कुंपणाचा विचार करावा लागतो. कुंपणाच्या अनुदानाविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी वाचायला मिळते. तारेचा दर्जा, जाळीची उंची, सौर कुंपणाचा झटका यांवरही चर्चा होते. परंतु ती तार ज्या खांबांवर उभी राहते, ते खांब जमिनीत कसे जातात आणि ते ठोकताना माणसाच्या हाताखांद्यांचे काय होते, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. गेली बावीस वर्षे मी तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनचे काम करतो. कुंपणाचे अँगल, म्हणजे काटकोनात वळलेल्या दोन पट्ट्यांचे लोखंडी खांब, कापणे, त्यांना भोके पाडणे आणि हंगामात माणसे घेऊन ते शेतात उभे करणे हे माझ्या पोटापाण्याचे काम असल्यामुळे हातात धरून चालवायच्या खांब ठोकणाऱ्या यंत्रांच्या रचनेविषयी काही लिहावेसे वाटते.

कामाचा आवाका आधी सांगतो. १ हेक्टरचे चौरस शेत धरले तर त्याचा घेर ४०० मीटर होतो आणि ३ मीटरवर एक खांब धरला तरी सुमारे १३३ खांब लागतात. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा ८ फुटी अँगल वजनाला साधारण ७.३ किलो भरतो. असे १३३ खांब घणाने ठोकणे म्हणजे काय, हे ज्याने स्टुलावर किंवा रिकाम्या ड्रमवर उभे राहून एक दिवस घण चालवला आहे त्यालाच कळते. खाली अँगल धरून बसलेल्या माणसाची नजर संपूर्ण दिवस घणावरून हलत नाही, कारण एक ठोका चुकला तर त्याची बोटे जातात.

घणाचा दोष केवळ धोक्याचा नाही, तो गणिताचाही आहे. ठोका बसल्यावर घण आणि खांब क्षणभर एकत्र सरकतात असे ढोबळपणे धरले, तर घणातील ऊर्जेचा किती भाग खांबाला खाली नेण्यासाठी उरतो हे दोघांच्या वजनांच्या प्रमाणावर ठरते. ५ किलोचा घण आणि ७.३ किलोचा अँगल असेल तर हा भाग जेमतेम ४१ टक्के येतो. उरलेली ऊर्जा आवाजात, उष्णतेत आणि अँगलचे डोके चेपण्यात जाते. ठोकलेल्या अँगलचे डोके फुलकोबीसारखे पसरलेले दिसते ते यामुळेच. याउलट एका बाजूने बंद असलेली, दोन्ही बाजूंना मुठी असलेली १५ किलोची जाड नळी खांबावर चढवून वरखाली केली, तर हाच भाग ६७ टक्क्यांपर्यंत जातो, शिवाय ठोका चुकण्याचा प्रश्न उरत नाही. ही नळी कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात बनते. मात्र ती पुरेशी लांब हवी आणि किती उंच उचलायची त्याची खूण खांबावर केलेली हवी, कारण उचलताना ती खांबाच्या डोक्यावरून बाहेर आली तर खाली येताना माणसाच्या डोक्यावर येते.

आता पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्रांकडे वळतो. ३५ सीसीच्या आसपासचे चार-स्ट्रोक इंजिन, गती कमी करणारे गिअर, क्रँक, त्यावर पुढेमागे होणारा पिस्टन, पिस्टनसमोर कोंडलेली हवा आणि त्या हवेच्या गादीने फेकला जाणारा हातोडा, अशी त्यांची साधारण रचना असते. सिमेंटचा रस्ता फोडणाऱ्या विजेच्या हॅमरमध्येही हेच तत्त्व असते. हवेच्या गादीमुळे ठोक्याचा उलटा धक्का थेट गिअरवर येत नाही, ही या रचनेची मोठी जमेची बाजू आहे. यंत्र साधारण १५ ते १७ किलोंचे असते आणि मिनिटाला हजाराच्या घरात ठोके देते.

दोन वर्षांपूर्वी असे एक यंत्र मी भाड्याने आणले. नोव्हेंबरचा महिना होता, जमिनीला उत्तम वाफसा होता, काळ्या मातीखाली अडीच फुटांवर मुरूम. पहिला अँगल अवघ्या मिनिटाभरात दोन फूट गेला आणि आम्ही सगळेच खूश झालो. चौथ्या-पाचव्या खांबानंतर तारेसाठी पाडलेली भोके कुंपणाच्या रेषेत राहत नसल्याचे लक्षात आले. अँगल खाली जाता जाता फिरत होता. दहाव्या खांबाची भोके चक्क शेजारच्या धुऱ्याकडे तोंड करून होती. त्याच वेळी अँगलची मधली पाठ किंचित वाकलेलीही दिसू लागली.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. यंत्राबरोबर आलेली खांब धरायची नळी गोल होती, म्हणजे ती गोल पाइपसाठी घडवलेली होती. गोल पाइपचा गुरुत्वमध्य त्याच्या मधोमध असतो. अँगलचे तसे नाही. ४० च्या अँगलचा गुरुत्वमध्य त्याच्या दोन्ही पाठींपासून सुमारे १२ मिलिमीटरवर, म्हणजे कोपऱ्याच्या बराच जवळ आणि खरे तर लोखंडाच्या बाहेर, मोकळ्या जागेत येतो. गोल नळीत अँगल सैल बसतो, कुठल्या तरी बाजूला टेकतो, आणि ठोका त्या मध्याच्या वर न पडता बाजूला पडतो. बाजूला पडलेला ठोका खांबाला जितका खाली नेतो तितकाच त्याला वाकवायलाही पाहतो, आणि खाली एखादा खडा लागला की सैल धरलेला अँगल वळण घेतो. मजुराने कितीही घट्ट धरले तरी हजार ठोक्यांपुढे त्याचे मनगट टिकत नाही.

यावर मी जे केले ते अगदी साधे आहे. ७५ मिलिमीटर व्यासाच्या जाड नळीच्या तुकड्यावर २० मिलिमीटर जाडीची गोल चकती बसवली आणि आतून तुकडे वेल्ड करून अँगलच्या आकाराची खाच अशा जागी ठेवली की अँगलचा गुरुत्वमध्य बरोबर चकतीच्या मध्याखाली यावा. ही टोपी अँगलवर घालायची आणि यंत्र टोपीवर चढवायचे. शिवाय अँगलला कमरेच्या उंचीवर अडकवता येईल अशी लांब दांडीची एक चिमटी बनवली. दुसरा माणूस ती दांडी धरून भोकांची दिशा राखतो आणि त्याची बोटे खांबापासून हातभर दूर राहतात. टोपीचे वजन अडीच किलोंच्या आसपास जाते आणि तेवढी थोडी ऊर्जा ती खाते, हे मान्य करायला हवे. परंतु त्या हंगामात पुढे ठोकलेल्या खांबांची भोके रेषेत राहिली आणि तार ओढताना एकही अँगल पुन्हा पिळावा लागला नाही.

आता उंचीकडे येतो. ८ फुटी अँगल उभा केला की त्याचे डोके ८ फुटांवर असते. यंत्राच्या मुठी त्याहून फूटभर खाली धरल्या तरी आपल्याकडच्या साधारण उंचीच्या माणसाला १६ किलोचे धडधडणारे यंत्र डोक्याच्या वर पेलावे लागते. तेव्हा त्याच्या तोंडाशी काय येते, तर तापलेला सायलेन्सर आणि त्याचा धूर. काही जण खांब आडवा ठेवून त्यावर यंत्र चढवतात आणि मग दोघांनी मिळून दोन्ही एकदम उभे करतात. ही युक्ती चांगली आहे, परंतु २३ किलोंचे वरच्या बाजूला जड असलेले ओझे ढेकळांतून उभे करणे सोपे नसते. आम्ही आधी सब्बलीने फूटभर खोल भोक पाडून घेतो, त्याने सुरुवातीची उंची तेवढी कमी होते. खरा उपाय मात्र रचनेत आहे. मुठी यंत्राच्या अंगाला चिकटवून न ठेवता खाली उतरत्या, लांब आणि गरजेप्रमाणे सरकवता येणाऱ्या असाव्यात, आणि धुराचे तोंड चालवणाऱ्याच्या विरुद्ध बाजूला असावे. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने भारतीय शेतमजुरांच्या शरीराची मापे आणि त्यांची ताकद यांची माहिती २००९ मध्येच प्रसिद्ध केलेली आहे. मूठ किती उंचीवर असावी आणि किती वजन किती वेळ पेलता येते हे ठरवण्यासाठी ती हाताशी असताना दुसऱ्या कोणाच्या शरीराला बेतलेले यंत्र आपण तसेच्या तसे का वापरावे?

सर्वांत गंभीर गोष्ट कंपनाची आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. त्या नोव्हेंबरात यंत्र चालवणारा माझा सहकारी संध्याकाळी चहा प्यायला बसला तेव्हा त्याला कप एका हाताने धरता येईना. दोन्ही तळव्यांत कप धरून तो म्हणाला, “बोटं आहेत का नाहीत, तेच कळत नाही भाऊ.” रात्रीतून बोटे ठीक झाली. परंतु वर्षानुवर्षे असे काम केल्यास बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा कायमच्या बिघडतात, थंडीत बोटे पांढरीफटक पडतात, आणि हा विकार बहुधा परतत नाही. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात हाताला बसणाऱ्या कंपनासाठी ८ तासांच्या दिवसाच्या हिशेबाने सेकंद वर्गाला ५ मीटर त्वरण ही कमाल मर्यादा घातली आहे आणि २.५ मीटरपासूनच मालकाने उपाय सुरू करावेत असे म्हटले आहे. या हिशेबात कंपन दुप्पट झाले की परवानगीचा वेळ चौपट कमी होतो. म्हणजे यंत्राचे कंपन १० असेल तर दिवसाला २ तास, आणि २० असेल तर केवळ अर्धा तास. एका खांबाला दीड मिनिट धरले तर १३३ खांबांना ३ तास २० मिनिटे नुसते ठोकण्यातच जातात. एका माणसाने एका दिवसात एक हेक्टरचे खांब ठोकायचे ठरवले, तर १० कंपनाच्या यंत्रावरही तो ही मर्यादा ओलांडून बराच पुढे जातो. स्प्रिंगवर किंवा रबरावर तरंगणाऱ्या मुठी लावल्याने हे कंपन कमी करता येते. मी आणलेल्या यंत्राच्या मुठी थेट धडाला वेल्ड केलेल्या होत्या आणि त्याच्या पट्टीवर इंजिनाची ताकद लिहिली होती, कंपनाचा आकडा नव्हता. हा आकडा पट्टीवर छापणे सक्तीचे व्हावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

ठोक्यांची संख्या हे यंत्राच्या ताकदीचे माप नव्हे, हेही खरेदी करणाऱ्याने ध्यानात घ्यावे. एका ठोक्याचा जोर जमिनीच्या प्रतिकारापेक्षा कमी पडला, तर जमीन स्प्रिंगसारखी दबते आणि पुन्हा वर येते. असे हजार ठोके मारले तरी खांब तसूभर सरकत नाही, फक्त हात बधिर होतात. ओल्या काळ्या मातीत हलके, भराभर पडणारे ठोके चालतात. मुरमात कमी परंतु जड ठोके लागतात. म्हणूनच हातोड्याचे वजन बदलता येईल किंवा ठोक्याची गती कमी करून प्रत्येक ठोका जड करता येईल अशी सोय आपल्या जमिनीसाठी गरजेची आहे. खांब नसताना यंत्र चालू राहिले तर हातोडा आपल्याच धडावर आपटतो. तेथे हवेची गादी आपोआप निकामी करणारे छिद्र दिलेले असावे. आणि काळा पाषाण लागला की यंत्राशी झगडू नये. तेथे छिद्र पाडणेच योग्य, तसेच कोपऱ्याचे आणि फाटकाचे खांब टेकू देऊन काँक्रीटमध्येच बसवावेत. सिमेंटचे खांब तर ठोकायचेच नसतात, ते तडकतात.

एक पर्याय आपल्या अगदी जवळ आहे, त्याचा विचार व्हावा असे मला मनापासून वाटते. विहिरी खोदण्यासाठी कॉम्प्रेसर बसवलेले ट्रॅक्टर आपल्या ग्रामीण भागात जागोजागी आहेत. त्यांच्या सहा-सात बार दाबाच्या हवेवर चालणारे खांब ठोकण्याचे डोके बनवले, तर इंजिनाचे वजन, उष्णता आणि धूर या तिन्ही गोष्टी माणसाच्या हातातून जातात; उरते फक्त नळीला जोडलेले डोके, तेही खांबाच्या बाजूने चिमटा घेऊन कमरेच्या उंचीवर बसवता येण्याजोगे.

खड्डे खोदण्याचे यंत्र आता बऱ्याच शेतकऱ्यांच्या ओळखीचे झाले आहे. त्याच्याशी माझे वैर नाही, झाडे लावायला ते चांगले आहे. परंतु खड्डा खोदून पुन्हा भरलेली माती सैल राहते, तर ठोकलेला खांब माती बाजूला दाबत जातो आणि तीच दाबलेली माती त्याला धरून ठेवते. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय उपअभियानातून गावोगावी अवजारे भाड्याने देणाऱ्या अवजारे बँका उभ्या राहिल्या. वर्षातून आठ दिवस लागणारे हे यंत्र एकेका शेतकऱ्याने विकत घेण्यात अर्थ नाही. ते अशा बँकेतच शोभते. मात्र तेथे ते ठेवण्यापूर्वी अकोला, राहुरी, परभणी आणि दापोली येथील चारही कृषी विद्यापीठांनी आपापल्या मातीत, काळी, मुरूम आणि जांभा या तिन्हींत, अँगलवर त्याची चाचणी घ्यावी आणि किती खांब, किती वेळ, किती कंपन हे आकडे मराठीत प्रसिद्ध करावेत.

टोपीचा आणि चिमटीचा आराखडा मी मापांसह कागदावर काढून ठेवला आहे. एखाद्या विद्यापीठाला, आयटीआयला किंवा माझ्यासारख्या दुकानदाराला तो हवा असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी विनामूल्य देईन. ४० आणि ५० च्या अँगलच्या टोप्या वापरून पाहिलेल्या आहेत. ३५ ची येत्या वाफशापूर्वी तयार होईल.

आपला विश्वासू,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक,
जि. यवतमाळ