सुरीला दगड कोणता?

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात टोमॅटो चिरताना आमच्या सूनबाईंची सुरी सालीवरून घसरली आणि बोटाला दोन टाके पडले. आठवडाभरापूर्वीच त्या सुरीला दारावरच्या धारवाल्याकडून धार लावून घेतली होती, कोरड्या चाकावर, ठिणग्या उडवत. पातं उजेडात धरलं तर कडेला निळसर झाक. म्हणजे चाकाच्या उष्णतेने पात्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलेलं. अशी कड टिकत नाही. एकतीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो; हा रंग मी आधीच पाहायला हवा होता, याचं फार वाईट वाटतं.

म्हणून कळकळीने लिहितो. धारेचा दगड घरात ठेवा, पण कुठलाही नको. नागदेवी स्ट्रीटवर ऑइल स्टोन म्हणून मिळणारा दुबाजू दगड बहुधा 120-240 नंबरचा असतो (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक). कोयत्याला उत्तम, भाजीच्या सुरीला फार खरखरीत. तिला 1000 नंबरचा पाण्याचा, म्हणजे पाणी घालून वापरायचा, दगड हवा; मागची बाजू 400 ची असली तर कड तुटलेली सुरीही सुधारते. त्यावर तेल कधीही घालू नये. आणि निदान सहा-सात इंच लांब घ्यावा, बोटभर दगडावर हात सरळ चालत नाही.

माझ्या पुतण्याने शिकारीचा म्हणून विकला जाणारा जाड पाठीचा चाकू घेतला (शिकारीला 1972 च्या कायद्याने बंदी आहे, हा गडांवर दोर आणि काटक्या कापतो) आणि त्याच्यासाठी महागडा 8000 नंबरचा दगड मागवला. दोर कापायला कड किंचित दातेरी लागते, 400 ते 600 वर थांबलं तरी पुरे. पोलाद डी-2 या जातीसारखं, सहज न झिजणारं असेल तर मात्र डायमंड प्लेट (हिऱ्याचे बारीक कण बसवलेली पट्टी) घ्यावी.

कोन मोजायला यंत्र लागत नाही. पात्याच्या रुंदीच्या पावपट पाठ दगडावरून उचलली की साधारण 15 अंश होतात, ते सुरीला. एक तृतीयांश उचलली की 20, ते जाड चाकूला. पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक मुरड (कडेवर वळून आलेला पोलादाचा पातळ काठ) लागेपर्यंत एकाच बाजूने घासावं. मुरड आली नाही, तर दगड कडेपर्यंत पोचलेलाच नाही. मग बाजू बदलावी, शेवटी हलक्या हाताने आलटून पालटून.

आपल्या पुरवणीत पाककृतींना एवढी जागा मिळते, त्यातली थोडी धारेलाही द्यावी, ही विनंती.

— एक निवृत्त फिटर, लालबाग, मुंबई