वारशाच्या दुनळी बंदुका जमा करण्याआधी तपासा

महोदय,

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अनेक बागायतदारांच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी बंदूक दोन-तीन पिढ्यांपासून चालत आलेली आहे. परवानाधारक वारला, मुलगे मुंबई-पुण्याला असले, की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते आणि ठरलेल्या मुदतीत कोणी पुढे आले नाही तर सरकारजमा होते. वास्तविक २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाला सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगून झाल्यावर, हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. परंतु ही तरतूद गावोगाव फारशी कोणाला ठाऊक नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली असून वारशाची शस्त्रेही त्यातच मोजली जातात, त्यामुळे ज्यांच्याकडे जास्त बंदुका होत्या त्यांना कोणती ठेवायची आणि कोणती सोडायची याचा निर्णय करावा लागला. हा निर्णय बंदूक न ओळखताच घेतला जातो, हे माझ्या या पत्राचे कारण आहे.

बंदूक ओळखताना नळ्यांमधील पट्टीवर कोरलेल्या नावावर विसंबून राहू नये. ते नाव पुष्कळदा विकणाऱ्या दुकानदाराचे असते. नळ्या उतरवून त्यांच्या बुडाकडील सपाट भागावरचा मळ रॉकेलच्या फडक्याने हलकेच पुसला की खरी माहिती हाती लागते. आमच्या वाडीतील एका बंदुकीच्या पट्टीवर ठसठशीत इंग्रजी नाव आहे, पण मळ निघाल्यावर खाली अंडाकृतीत ‘ईएलजी’ ही अक्षरे दिसली. ही बेल्जियममधील लिएजच्या चाचणीगृहाची, म्हणजे नळ्या बाराचा दाब सोसतात का हे तपासणाऱ्या संस्थेची खूण, आणि वर मुकुट असल्यामुळे नळ्यांची चाचणी १८९३ नंतरची. इंग्लंडमधील लंडन आणि बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहांच्याही अशाच खुणा असतात. त्यांवरून नळ्या केवळ बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठी तपासल्या होत्या की पुढे आलेल्या बिनधुराच्या दारूसाठीही, हे कळते. अनुक्रमांक शाबूत असेल तर काही जुन्या इंग्रज कारखान्यांच्या नोंदवह्यांतून ती बंदूक कोणत्या साली आणि कोणासाठी घडवली इथवर शोध घेता येतो. म्हणूनच घासूनपुसून बंदूक ‘नवी’ करून देणारे कारागीर मला गंजापेक्षाही घातक वाटतात, कारण ते खुणाही पुसतात आणि नळीही पातळ करतात.

जी बंदूक चालवायची आहे तिच्याबाबत तर अधिकच काळजी हवी. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून जोडलेल्या दमास्कस नळ्यांच्या सांध्यांत गंज आतल्या आत पसरलेला असू शकतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जुन्या इंग्रजी बंदुकांत काडतुसाची खोली (नळीच्या बुडाशी काडतूस बसते ती जागा, चेंबर) बहुधा ६५ मिलिमीटर लांब असते, तर आजची बरीचशी काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. काडतुसावर छापलेली लांबी ही ते उडून तोंड उलगडल्यानंतरची असते; त्यामुळे मोठे काडतूस लहान खोलीत बिनतक्रार बसते आणि धोका बार काढतानाच उद्भवतो, कारण उलगडणारे तोंड पुढच्या निमुळत्या भागात अडकून दाब वाढतो. खोलीची लांबी आणि नळीच्या भिंतीची जाडी परवानाधारक कारागिराकडून मोजून घेतल्याशिवाय जुन्या बंदुकीत काडतूस घालूच नये, आणि तो नको म्हणाला तर तिला भिंतीवर मानाने राहू द्यावे. परवाना मात्र तेव्हाही लागतोच. नळ्या सुट्या करून बोटावर टांगाव्यात आणि लाकडाच्या तुकड्याने हळूच टिचकावे. खणखणीत नाद आला तर नळ्यांमधील पट्टीचा डाग (झाळून केलेला जोड) धरून आहे, बद्द आवाज आला तर तो सुटलेला आहे. बार काढण्यापूर्वी बंदूक बिजागरीवर मोडून, म्हणजे उघडून, दोन्ही नळ्यांतून उजेड पाहणे कोकणात तर अनिवार्यच, कारण कुंभारीण माशी नळीत मातीचे घर करते आणि तेवढा अडथळा नळी फुटायला पुरतो. रानडुक्कर पीक खात असले तरी वनखात्याच्या परवानगीविना त्याच्यावर बार काढता येत नाही, हे सांगायला नकोच.

राहिला प्रश्न पावसाचा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत चामड्याच्या म्यानात ठेवलेली बंदूक एका पावसाळ्यात गंजते, कारण चामडे ओल धरून ठेवते. खोबरेल तेल कालांतराने चिकट होते, म्हणून बंदुकीचेच तेल पातळ लावावे आणि नळीचे तोंड खाली करून ठेवावे, म्हणजे ते दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. घरी हे करता येते, ठाण्याच्या कोठारात कोण करणार? निवडणुकीत कोणाची शस्त्रे जमा करून घ्यायची हे छाननी समितीने प्रत्येक प्रकरण पाहून ठरवावे असे निवडणूक आयोगाचे निर्देश आहेत. तरीही सरसकट बंदुका मागवल्या जातात आणि आचारसंहिता संपल्यावरही त्या परत मिळायला वेळ लागतो.

जिल्हा प्रशासनाने जमा करून घेताना पावतीवर अनुक्रमांकाबरोबर नळ्या, दस्ता आणि खुणांची स्थिती नोंदवावी, मालकाला तेल लावून देण्याची मुभा द्यावी आणि बंदुका एकावर एक न रचता लाकडी घोडीवर उभ्या ठेवाव्यात. सरकारजमा झालेल्या बंदुका नष्ट करण्यापूर्वी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये विभागाच्या जाणकाराने त्या एकदा पाहाव्यात. रत्नागिरीत थिबा राजवाड्यात शासनाचे वस्तुसंग्रहालय आहेच. निवडक बंदुका कायद्याप्रमाणे निकामी करून तेथे ठेवता येतील.

आपला,
एक बागायतदार,
राजापूर, जि. रत्नागिरी