उधारी गुणिले उधारी

मा. संपादक, स. न.

माझी पोरगी सातवीला आहे, वर्गात वजा म्हणजे उधारी असं शिकवलंय अन् वजा गुणिले वजा अधिक असंही, तर परवा विचारत होती, पप्पा उधारीला उधारीनं गुणलं तर पैसे कसे काय येतात? आता वजा म्हणजे उधारी हे चूक नाही, आपल्या जुन्या गणिती ब्रह्मगुप्तानं ६२८ सालीच धन आणि ऋण असे शब्द वापरून नियम दिलेत आणि आपण अजून तेच शब्द वापरतो. खिशात ५० अन् दुकानदाराचे द्यायचे ८०, म्हणजे वजा ३०, लेकरांना लगेच कळतं. पण गुणाकार आला की ही उपमा तुटते आणि वर्गात सांगतात नियम आहे, पाठ करा! याचं फार वाईट वाटतं.

मी तिला बोअरपाशी नेलं. म्हणलं पाणी रोज २ फूट खाली चाललंय, म्हणजे वजा २, अन् तीन दिवस मागं जायचं म्हणजे वजा ३, तर तेव्हा पाणी कुठं होतं? लगेच म्हणली, ६ फूट वर. झालं की!

शिक्षकांना कळकळीची विनंती, उपमा जरूर द्या पण ती कुठवर चालते तेही सांगत जा. समीकरण म्हणजे दोन्ही पारडी सारखी असलेला तराजू, या उपमेचं पण तसंच, क्ष + ५ = ३ आलं की पारड्यात वजा २ किलो कुठून ठेवणार?

एक पालक, औसा, जि. लातूर