नाना, आप्पांच्या कानाला नळी लावलीत त्याबद्दल

आदरणीय नाना,
सादर नमस्कार.

आमचा जुना ट्रक दुरुस्त करून तुम्ही धुळ्याला परत निघालात तेव्हा एसटी सुटायच्या घाईत मला धड काही बोलता आलं नाही. मजुरी हातावर ठेवली, नमस्कार केला, झालं. तेवढ्यावर भागलं असं मनाला वाटत नाही, म्हणून चारचौघांसमोर हे पत्र.

गाडी आजोबांनी घेतलेली, १९५१ सालची शेवरोलेट. त्या काळी हे ट्रक मुंबईत शिवडीला जुळवले जायचे. १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला आणि पुढे पार्ट मिळणं आटतच गेलं. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी आणि भुईमुगाच्या शेंगा ह्याच गाडीने ओढल्या. तिचं २१६ घनइंचांचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन त्यांच्या हाडामासात भिनलंय. त्यामुळे 'एक्झॉस्टला फट आहे, सकाळी केबिनमध्ये जळका वास येतो' असं ते म्हणाले तेव्हा मला शंका नव्हती. शंका येणाऱ्या मेकॅनिकना होती.

एकाने कार्बोरेटर उघडला, पैसे घेतले आणि गेला. दुसऱ्याने जुनं पॅकिंग नीट खरवडलंसुद्धा नाही. वरून शेलॅक (लाखेचा लेप) फासलं, इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा आणि धूर बाहेर काढणारा नळ) आधी एकमेकांना करकचून आवळले, मग ते इंजिनाच्या हेडवर ओढून बसवायला गेला आणि मॅनिफोल्डचा बोल्ट बसायचा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) कान तोडून ठेवला. वर आम्हालाच सल्ला, 'भंगारात काढा, नाहीतर डिझेल इंजिन टाका.' एवढं मी विसरलो असतो. पण आप्पा समोर बसलेले असताना तो मला विचारतो, 'ह्यांना ऐकू तरी येतं का?' आप्पांना कमी ऐकू येतं, पण हे त्यांना बरोबर ऐकू गेलं. त्या दिवसापासून त्यांनी गाडीचा विषयच सोडला.

तुम्ही मात्र येताच तुटलेला कान गावात तापवून जोडून घेतलात, राखेत हळूहळू गार होऊ दिलात आणि नुसतं तात्पुरतं बसवून ठेवलंत. मग म्हणालात, 'आज रात्री मुक्काम करतो. मला सकाळी गार इंजिन ऐकायचंय.' इंजिन तापलं की बीड फुगतं, फट मिटते आणि फटीतून येणारी टिकटिक नाहीशी होते, हे आधीच्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. सगळे दुपारी यायचे आणि तापल्या इंजिनावर निदान करून जायचे.

सकाळी थंडीत तुम्ही सेल्फ मारलात. हातभर रबरी नळी घेतलीत, एक टोक स्वतःच्या कानाला लावलं आणि दुसरं मॅनिफोल्ड हेडला मिळतात त्या सात तोंडांवरून, म्हणजे पोर्टांवरून, सावकाश फिरवलंत. तुम्हाला कळलं होतं, नाना. तुमच्या चेहऱ्यावर मला दिसलं होतं. पण तुम्ही बोलला नाहीत. खिशातला रुमाल काढलात, नळीचं टोक आतूनबाहेरून स्वच्छ पुसलंत, खुर्चीत बसलेल्या आप्पांना हाताला धरून बॉनेटपाशी आणलंत आणि नळी त्यांच्या कानाला लावून म्हणालात, 'आप्पा, तुम्हीच सांगा आते.'

आप्पांनी डोळे मिटले. पहिला पोर्ट, दुसरा, तिसरा. शेवटच्यावर त्यांनी तुमचं मनगट घट्ट धरलं. 'मांगला से, नाना. मांगला!' इतक्या मोठ्याने ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. आई चुलीपासून उठून बाहेर आली.

पुढचं काम तुम्ही निगुतीने केलंत: दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र जोडून फेस मारून (हेडवर बसणारी बाजू सपाट करून) आणलेत, मग दोघांमधला जोड सैल ठेवून मधून टोकांकडे आवळत गेलात, टोकाचे बोल्ट जरा हलके ठेवलेत, तो जोड सगळ्यात शेवटी आवळलात. असे कसबी हात शोधले तर अजून सापडतील. पण तो रुमाल? माणूस थकला की आपण त्याच्याबद्दल त्याच्यासमोरच बोलायला लागतो, त्याच्याशी बोलणं बंद करतो. दवाखान्यात हेच, बँकेत हेच, घरातसुद्धा हेच. समोरच्याला काहीतरी माहीत असेल असं धरून चालणारी माणसं आपल्या खानदेशात पुष्कळ होती, अजूनही आहेत, आणि त्यांच्यामुळेच इथे राहावंसं वाटतं. तुम्ही त्यातले.

आप्पा आता रोज सकाळी स्वतः गाडी चालू करतात. शेजारच्या पोरांना नळी देऊन कुठल्या पोर्टला काय ऐकायचं ते शिकवतात. परवा एकाच्या ट्रॅक्टरचंही निदान करून आले.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नक्की या. कळण्याची भाकरी तुम्हाला आवडली हे आईच्या लक्षात आहे, पण सणाला ती मांडे करणार म्हणते. वहिनींनाही घेऊन या. एसटीचं बघू नका, मी धुळ्याला न्यायला येतो.

तुमचा,
आप्पांचा धाकटा