कच्छच्या फुलांच्या नोंदी कुठे गेल्या, मंत्रिमहोदय?

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी, वनस्पतिशास्त्राची निवृत्त शिक्षिका. गेल्या सोमवारी एका कार्यालयाकडून मला एका ओळीचं उत्तर आलं: 'सदर नमुन्यांची नोंद उपलब्ध नाही.'

सदर नमुने म्हणजे हेलिक्रायसम कच्छिकम या वनस्पतीच्या आमच्या ४१ शीट्स, म्हणजे वाळवलेली झाडं चिकटवून लेबल लावलेले जाड कागद. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं आणि त्या ठेवलेल्या सरकारी कपाटाच्या खालच्या दोन फळ्या भिजल्या. मी धावत गेले. 'दिवाळीपर्यंत वाळवून, स्कॅन करून ठेवतो,' असा शब्द मिळाला. ती दिवाळी गेली, तिच्या पुढचीही गेली.

सूर्यफुलाच्या कुळातली ही वनस्पती नावातच कच्छ घेऊन जन्मली. या जातीच्या फुलांचा बाहेरचा कागदासारखा घेर वाळला तरी कोमेजत नाही. आमच्या शीटवरचं फूल तीस वर्षांनंतरही पिवळं होतं. १९८७ पासून सात वर्षं आम्ही दोघं नवरा-बायको प्रत्येक सुट्टीत एसटीनं भूज गाठायचो, पुढे मिळेल त्या ट्रकनं. रात्री धर्मशाळेत स्टोव्हवर टीपकागद शेकायचे, पहाटे झाडं दाबून वाळवायच्या प्रेसमधले दमट काढून कोरडे घालायचे. एकदा भर उन्हात यांना झीट आली. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, प्रेस कुठे आहे? हे २०११ साली गेले. प्रत्येक लेबलावर अक्षर यांचं होतं. आणि त्या ओल्या ढिगाऱ्यापाशी मला ऐकवलं गेलं, 'बेन, सूकां पांदडां ज हतां ने?' म्हणजे, बाई, सुकलेली पानंच होती ना?

नाही, साहेब. लेबलावर तारीख असते, ठिकाण असतं, जमीन कशी, शेजारी काय उगवलं होतं, गोळा कुणी केलं, कितवा क्रमांक, सगळं असतं. फुलण्याचा काळ सरकला का, हे जुन्या तारखांवरूनच कळतं. वाळल्या पानातूनही डीएनए काढता येतो. ज्या टेकडीवरून आम्ही सहा शीट्स आणल्या तिथे आज दगडाची खाण आहे. दुसऱ्या जागेवर गांडा बावळ, म्हणजे बाहेरून आलेली वेडी बाभूळ, माजलाय. तिथे हे फूल होतं याची साक्ष त्या लेबलांखेरीज कुणाकडेच नव्हती. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर यांनी १९०८-०९ मध्ये कच्छच्या वनस्पतींवर लिहून ठेवलं, म्हणून शंभर वर्षांनी आपण ताडून तरी पाहू शकतो. आमच्यानंतरचे कशाशी ताडणार?

२००२च्या जैवविविधता कायद्यात, कलम ३९ खाली, नमुने सांभाळणाऱ्या संस्था नेमण्याची तरतूद आहे. कायदा आहे, कपाटापाशी माणूस नाही. संग्रहपाल निवृत्त होतो आणि जागा भरली जात नाही. नव्या इमारतीच्या भूमिपूजनाला मंडप पडतो, किडीपासून शीट वाचवायला डांबराच्या गोळ्या मात्र आम्ही शिक्षकांनी पदरच्या पैशांनी आणल्या. वर्षानुवर्षं! याच शहरात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१० पासून गावोगाव ग्रंथालयं नेली. त्या राजाच्या नगरीत एक कपाट राखता येत नाही, याचा मला संताप येतो. आणि हे एकट्या बडोद्याचं दुखणं नाही. देशभर ज्ञान जमवणारे झिजतात आणि जपणाऱ्यांची पदं रिकामी राहतात.

उरलेल्या शीट्स पुढच्या पावसाळ्याआधी वरच्या मजल्यावर हलवा. त्यांची लेबलं स्कॅन करून सर्वांसाठी खुली करा. आमच्या ४१ शीट्स रद्दीत गेल्या असतील तर तसं लेखी कळवा. 'उपलब्ध नाही' हे उत्तर मी स्वीकारत नाही. आमची क्षेत्रवही माझ्याजवळ आहे, सगळे क्रमांक तिच्यात आहेत. मी ७४ वर्षांची आहे आणि यांचं बारीक अक्षर आता मलाच तेवढं लागतं. वहीवरून नोंदी उतरवून घ्यायला माणूस पाठवा. सकाळी दहानंतर मी घरीच असते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, बडोदा