सूचना: गावी निघण्याआधी गिझर नीट बंद करा
सर्व सभासदांना नमस्कार. मे महिन्यात गावी किंवा मुलांकडे परदेशी महिना-दोन महिने जाणाऱ्यांनी गिझरचं नुसतं बटण बंद करून निघू नये, त्याचा एमसीबीही (वीजबोर्डावरचा गिझरचा खटका) खाली करावा. पाणी थंड झालं की गिझरखालचा अँगल कॉक (गिझरमध्ये पाणी सोडणारी छोटी तोटी) बंद करा आणि गरम पाण्याचा नळ क्षणभर सोडा, आतला दाब उतरतो. जोडनळी गंजलेली किंवा फुगलेली दिसली तर आधीच बदलून घ्या. बंद घरात ती फुटली, तर खालच्यांच्या छतातून पाणी गळेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. गॅस गिझर असेल तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, सेल काढून ठेवा. परत आल्यावर आधी कॉक उघडा. गरम नळाला सलग धार आली की मगच वीज चालू करा, रिकाम्या टाकीत कॉइल जळते.
– सचिव