ऑक्सिजन बँकेसाठी मदतीचे आवाहन

सस्नेह नमस्कार.

२०२१ चा एप्रिल कोणी विसरले नसेल. विशाखापट्टणमहून भरलेले टँकर घेऊन ऑक्सिजन एक्सप्रेस २३ तारखेला नागपुरात पोहोचली, तेव्हा आपल्या मंडळाची ऑक्सिजन बँक नुकतीच उभी राहत होती. आपल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी एफडी मोडून पहिले कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारे यंत्र, घेऊन दिले. इतवारीच्या किराणावाल्या बंधूंनी दोन दिले, वर "पाटी लावाल तर परत नेऊ" अशी तंबी! महिला मंडळाने भिशीची अख्खी रक्कम आणून ठेवली. गणपतीची पोरे रात्री-बेरात्री मोटारसायकलवर यंत्र मांडीत धरून महाल, सक्करदरा, नंदनवनपर्यंत पोहोचवत होती. या सगळ्यांचे उपकार मंडळ कधी विसरणार नाही.

मागच्या वर्षी पुन्हा हाक दिली, तेव्हा मात्र "कोरोना त गेला ना, आता कायले पाहिजे मशीन?" असे ऐकावे लागले. सभेला खुर्च्या जास्त आणि माणसे कमी होती. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू.

कोरोना गेला, दम लागणारी माणसे गेली नाहीत. उलट, फुफ्फुसाचे ऑपरेशन आता बदलले आहे. पूर्वी बरगड्या फाकवून छाती उघडायचे. आता पुष्कळ रुग्णांत बोटभर छिद्रांतून कॅमेरा घालून काम होते, मोठ्या शहरांत रोबोटच्या साहाय्यानेही. दुखणे कमी, सुट्टी लवकर. म्हणजे पुढची सगळी काळजी घरच्यांवर. टीबीनंतर छातीत पू साचून ऑपरेशन झालेला आपल्याच वस्तीतला एक हातगाडीवाला फुफ्फुसांच्या व्यायामासाठी तीन गोळ्यांच्या यंत्रातून श्वास ओढतो, ओढ जोराची तशा आतल्या गोळ्या वर जातात. परवा तिसरी गोळी वर गेली, तर घरात टाळ्या वाजल्या. ते यंत्र काही शे रुपयांचे, तरी मंडळाकडूनच न्यावे लागले. चुलीच्या धुराने फुफ्फुसे गेलेल्या आजींना रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) लागतो, तो एकच आहे आणि त्यावर तीन घरांची नावे आहेत.

कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या खड्यांत अडवून ९० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन देतो. धूळ आणि ओल लागली की हे खडे निकामी होतात. आपल्याकडची धूळ काय सांगायची, जाळी धुतली की बादलीतले पाणी काळे होते. दहापैकी सहा यंत्रांवर आता पिवळा दिवा लागतो. म्हणजे पंखा फिरतो, आवाज येतो, पण ऑक्सिजन पुरेसा नाही. अशी यंत्रे आम्ही देणे बंद केले आहे.

गरज : पाच लिटरचे दोन नवे कॉन्सन्ट्रेटर (प्रत्येकी अंदाजे ४५ हजार), तीन यंत्रांचे खडे बदलणे, एक बायपॅप, काही ऑक्सिमीटर, नळ्या. घरी पडून असलेले चालू यंत्रही चालेल. रोख, चेक किंवा कार्यालयातल्या क्यूआर कोडवर, पावती लगेच. वेळ संध्याकाळी ६ ते ८, रविवारी सकाळीही. थंडीच्या आत यंत्रे हवीत, म्हणून दिवाळीपूर्वी द्यावे. यंत्र डॉक्टरांची चिठ्ठी पाहूनच मिळेल, अनामत परत. जवळ उदबत्ती, शेगडी, बिडी चालणार नाही, हे पुन्हा सांगतो. जाळ्या धुवायला दोन तरुण हवे आहेत, त्यांनी पैसे नाही दिले तरी चालेल.

आपला,
सचिव